निघोज्याच्या विहिरीचे ठोके

काउंटर सेहेचाळीसवर थांबला. देवधर साहेबांनी बशी बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली, परत आत ठेवली. दुसऱ्यांदा सत्तेचाळीस आले. तिसऱ्यांदा पंचेचाळीस.

"सुभद्राबाई, हे पाणी कुठलं?"

"निघोज्याचं. गंगूमावशींच्या मळ्यातल्या विहिरीचं."

"तुम्ही स्वतः भरलंत ना?"

मी होकारार्थी मान हलवली. तोंडानं खोटं बोलायचा मला धीर झाला नसता. मानेनं ते झालं.

आमचं ऑफिस म्हणजे चिंचवड स्टेशनाजवळच्या एका बैठ्या घरातल्या दोन खोल्या. पन्नासचं दशक सरत आलं होतं. परदेशात बाँबच्या चाचण्या चालल्या होत्या आणि त्यांची बारीक धूळ वाऱ्यावर इथवर येऊन पावसाबरोबर खाली पडते, असं साहेब सांगत. शिवाय आपल्याकडेही पुढे अणूवर चालणारी वीजघरं होणार होती. ती झाल्यावर पाण्यात काही वाढलं का हे कळायचं, तर आज पाण्यात किती आहे ते आधी लिहून ठेवायला हवं. त्यासाठी आम्ही गावोगावचं पाणी मोजत होतो. माझं माहेर तळवड्याचं. भोवतालच्या गावांतल्या बाया मला घरात घेत, साहेबांना घेत नसत. चौथीपर्यंतचं शिक्षण आणि ही ओळख, एवढ्यावर मला नोकरी मिळाली होती.

काम अवघड नव्हतं. दोन शेरांच्या निमुळत्या तोंडाच्या काचेच्या बाटलीत पाणी आणायचं. गाळण कागदातून गाळायचं. शेगडीवर मंद आचेवर आटवायचं. शेवटी तळाला जो पांढरा खार उरतो तो खरवडून धातूच्या लहान बशीत पसरायचा आणि ती बशी शिशाच्या जाड पेटीत, काउंटरच्या नळीखाली ठेवायची. यंत्र टकटक करतं. मिनिटाला किती ठोके पडले ते रजिस्टरात लिहायचं. बशी मोकळी असली तरी ठोके पडतातच, कारण जमिनीतून, भिंतीतून, आभाळातून थोडं काही येतच असतं. त्याला बॅकग्राउंड म्हणतात. आमचं बॅकग्राउंड एकोणीस होतं. तळवड्याचं पाणी वीस, कुरुळीचं एकवीस. निघोज्याचं सेहेचाळीस.

"पाऊस काय एकट्या निघोज्यावर पडतो?" साहेब स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दुसरी बाटली आणा. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मी चाकणच्या एस.टी.नं कुरुळीच्या फाट्यावर उतरले आणि बांधाबांधानं चालत निघोज्याला गेले. वैशाख होता. गंगूमावशींच्या वस्तीवर सात घरं. सातही घरं त्या एका विहिरीवर. मावशींची लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा सरत आलेला. ती ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडत होती.

मावशींनी माझ्या हातातली बाटली पाहिली आणि त्या उभ्याच राहिल्या.

"परत का गं आलीस? वाईट निघालं व्हय?"

"न्हाई मावशी. पुन्यांदा बघायचंय, एवढंच."

"तुझं त्वांड सांगतंय की." त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. "तू बस. उन्हाची आलीस. यमे, चहा टाक. मी आणते भरून."

नियम असा होता की बाटली मी स्वतः भरायची. आदल्या खेपेलाही मावशींनी ती अशीच हातातून घेतली होती आणि मी चहा पीत बसले होते. थोरल्या माणसाच्या हातातून वस्तू परत कशी ओढून घ्यायची, ते मला जमत नाही. या खेपेलाही जमलं नाही. ऑफिसात येऊन मी रजिस्टरात "स्वतः भरले" असं लिहिलं.

दुसरी बाटली बावन्नवर गेली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुंबईच्या मुख्य ऑफिसला कळवावं लागेल. मोठे साहेब सोमवारी येतील. त्यांना हेच आकडे दिसले तर ते कलेक्टरना लिहितील, विहीर बंद करा म्हणून."

"वस्ती पिणार काय?"

"ते मला माहीत नाही, बाई. मी फक्त ठोके मोजतो."

साहेब कठोर नव्हते. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

रविवारी ऑफिस बंद. मी कुणी न सांगता निघोज्याला गेले. विहिरीवर कुणी नव्हतं. मावशींनी पाणी वाईट निघालं हे ओळखून यमुनेला त्या विहिरीचा थेंब द्यायचा नाही असं ठरवलं होतं आणि त्या रोज इंद्रायणीवरून घागरी आणत होत्या. त्या सकाळी उतारावर त्यांचा पाय मुरगळला होता. म्हणून यमुना नदीवर गेली होती. मी पिशवी ओसरीवर ठेवून तिच्या मागे गेले. आठव्यात, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, पाय सुजलेले.

मी वाटेतच तिची घागर उतरवली. "येडी का काय तू?"

"आईचा पाय सुजलाय. आन मला तहान लागती ना, वयनी." ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "सरकारी मशीन काय म्हणतंय? पोटातल्याला काय हुईल का? माझं आधीच एवढं पाणी पिऊन झालंय."

मी घागर डोक्यावर घेतली आणि तिच्या पावलानं चालत राहिले. इंद्रायणीवर काय वेगळं आभाळ होतं, हे मनात येत होतं. पण तिला त्या पाण्याचाच धीर होता.

घरी आलो तर मावशी लंगडत परड्यात बसल्या होत्या. त्यांच्या हातात माझी मोकळी बाटली. ओसरीवरच्या पिशवीतून ती त्यांनी काढून घेतली होती. चुलीतली मूठभर राख आणि चार खडे त्यांनी निमुळत्या तोंडातून आत सोडले, ओंजळभर पाणी घातलं आणि बाटली दोन्ही हातांनी खुळखुळ हलवायला लागल्या.

"मावशी, हे काय करता?"

त्या चोरी पकडल्यासारख्या थांबल्या.

"राग मानू नगंस, बाय. परक्या घरचं भांडं राखंनं घासल्याबिगर आमच्या हिरीत जात न्हाई. सासूच्या वक्तापास्नं हाय ते. तुझ्या तोंडावर घासलं तर तुला वाटंल आमी तुला परकी धरतो. म्हून तू चहाला बसलीस की मागं येऊन घासायची."

"मागच्या दोन्ही खेपेला घासली?"

"दुसऱ्या येळंला तर दोन मुठी टाकल्या. लेकीच्या पाण्याची गोष्ट. म्हटलं, लख्ख असावी."

"आन मग धुतली किती पाण्यानं?"

"धुतली की, गिलासभर पाण्यानं. वैशाखाचं पाणी काय वताया हाय?"

राखेचं यंत्राला काय वाटतं, ते मला ठाऊक नव्हतं. पण कुरुळीची बाटली मी बारवेत स्वतः बुडवली होती, तळवड्याचीही. राख फक्त निघोज्याच्या बाटलीत गेली होती. मी मावशींकडून कागदात मूठभर राख बांधून घेतली.

"राख कशाला नेतीस? देवाला?"

"साहेबाला."

सोमवारी मोठे साहेब माझ्या आधीच येऊन बसले होते. पांढरा बुशशर्ट, समोर आमचं रजिस्टर उघडं. देवधर साहेब त्यांना आकडे दाखवत होते. मी दारात उभी राहिले. यमुनेच्या डोक्यावरची घागर आठवली, तेव्हा कुठे शब्द फुटले.

"साहेब, निघोज्याची बाटली मी स्वतः भरली नव्हती."

दोघांनीही वर पाहिलं.

"कुठल्या खेपेची?" देवधर साहेबांनी विचारलं.

"दोन्ही खेपेच्या. रजिस्टरात खोटं लिहिलंय."

मोठे साहेब म्हणाले, "मग कुणी भरली?" त्यांचं मराठी कोकणी वळणाचं होतं, आवाज चढलेला नव्हता. मी सगळं सांगितलं. चहा, परकं भांडं, खडे, दोन मुठी. पुडी टेबलावर ठेवली.

देवधर साहेबांनी एक चमचा राख बशीत पसरली आणि पेटीत सरकवली. यंत्र टकटक करू लागलं. मी मोजत नव्हते, ऐकत होते. ते निघोज्याच्या पाण्यासारखंच घाईघाईनं बोलत होतं.

अठ्ठावन्न.

मोठे साहेब हसले नाहीत, पण खुर्चीत मागे टेकले. "पोटॅशियम," ते म्हणाले. मग मला कळेल असं सांगितलं. जमिनीत एक खार असतो, झाडं तो मुळांनी ओढतात. लाकूड जळलं की तो राखेत उरतो. त्यातला अगदी थोडा भाग जन्मापासूनच ठोके देणारा. तो पाण्यात विरघळतो, म्हणून गाळण कागदातून पार झाला आणि आटवलेल्या खारात येऊन बसला. बाँबाशी त्याचा संबंध नाही.

"केळ्यात असतो, बटाट्यात असतो. माणसाच्या अंगातही असतो."

"माझ्याही?"

"तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या."

"आणि पोटातल्या मुलाच्या?"

"त्याच्याही. त्याशिवाय जगता येत नाही."

तरी त्यांनी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी दोन बाटल्या मागवल्या. एक राखेनं घासून मावशींसारखी गिलासभर पाण्यानं धुवायला लावली, दुसरी आमच्या नेहमीच्या पद्धतीनं. दोन्हींत शुद्ध केलेलं पाणी भरलं आणि दोन्ही आटवल्या. याला ब्लँक म्हणतात. पाण्यात काही नाही हे आधीच माहीत असतं, म्हणून जे निघेल ते बाटलीचं. राखेच्या बाटलीला चव्वेचाळीस आले, दुसरीला एकोणीस.

दुसऱ्या दिवशी देवधर साहेब माझ्याबरोबर निघोज्याला आले. मावशी विहिरीच्या काठाशी काठी टेकून उभ्या. मी त्यांना सांगितलं, आज बाटली घासायची नाही. चिंचवडहून आली तशीच दोरी बांधून सोडायची, विहिरीच्याच पाण्यानं तीनदा खळबळून भरायची.

मावशींनी बाटलीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "तुमी कुठले म्हनायचे, साहेब?"

"पुण्याचा, मावशी."

"म्हंजी परकेच." वस्तीवरच्या दोन बाया पदरात हसल्या. मावशी हसल्या नाहीत. सासूचा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग ओसरीकडे पाहिलं. तिथं यमुना खांबाला टेकून बसली होती.

"सोड," त्या मला म्हणाल्या. "बिनघासलेली सोड."

मी बाटली सोडली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण दोरीचं टोक माझ्या हाताखाली त्यांनीही धरलं होतं.

त्या पाण्याला वीस आले. परत मोजलं, एकोणीस. तिसऱ्यांदा वीस. हे सांगायला मी निघोज्याला परत निघाले तेव्हा एस.टी. चुकली, म्हणून कुरुळीपर्यंत कांद्याच्या बैलगाडीतून गेले.

"मावशी, तुमचं पाणी चांगलंय. पहिल्यापास्नं चांगलंच हुतं."

"म्हंजी माझ्याच राखंनं माझी हीर बदनाम केली व्हय?"

"माझ्या मुखदुर्बळपनानं केली. बाटली मीच धरायला हवी हुती."

त्या लंगडत आत गेल्या, तांब्या घेऊन विहिरीवर आल्या, पोहरा ओढला आणि तांब्या भरून यमुनेच्या हातात दिला. यमुनेनं तो एका दमात रिकामा केला. पाणी हनुवटीवरून पोटावर सांडलं. मावशींनी पदरानं पोट पुसलं आणि हात तिथंच ठेवला.

यमुनेला मुलगा झाला. मला बारशाचं बोलावणं होतं.

नोकरी राहिली. रजिस्टरातले "स्वतः भरले" हे दोन शब्द दोन्ही ठिकाणी देवधर साहेबांनी माझ्याच हातानं खोडायला लावले आणि शेजारी माझी सही घेतली. मोठ्या साहेबांनी मुंबईहून सूचनांचा नवा कागद पाठवला. जुना इंग्रजीत होता आणि त्यात "बाटली स्वच्छ असावी" एवढंच होतं. कशानं स्वच्छ, ते कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. नवा मराठीत होता. त्यात एक ओळ जास्त होती: बाटली कुणाही घरी घासायला देऊ नये.

त्यानंतर मी खूप गावांचं पाणी भरलं. बाटली हातातून सोडत नाही म्हणून काही घरांतल्या बायांना मी आखडू वाटले. त्याला इलाज नाही. लाजाळूपणा आपल्या घरी चालतो, सॅम्पल घेताना चालत नाही.