पडल्या जागची माती

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या सदरात येणारे अनुभव वाचून मी हसलेय सुद्धा. सोलापुरात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. दिवसभर अपघाताचे दावे — पंचनामा, जखमांचा दाखला, साक्षीदार. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी डोक्याला सवयच लागलीय.

मग अशाच एका दाव्यात माझ्या नवऱ्याचं नाव मला टाईप करावं लागलं.

सिद्धाराम यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होता. भर दुपारी मोहोळहून बाईकवर घरी येताना एका कारनं त्याला उडवलं. कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. डोक्यालाही मार, त्यामुळे अपघाताचं काहीच आठवत नव्हतं. कार पोलिसांना नंतर सापडली, पण पंचनाम्यात लिहिलेलं, तो डिव्हायडरच्या पलीकडे, राँग साइडला पडलेला सापडला. म्हणजे चूक त्याचीच! गल्लीत वळतानासुद्धा इंडिकेटर देणारा माणूस हा... माझा संताप संताप झाला. पण कोर्टात संताप चालत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "सुमन, जागेचे फोटो काढून आण. तिथं काही मिळालं तर बघू. नाहीतर केसमध्ये दम नाही."

निघताना सासूबाई — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — दारात आल्या. "येताना पडल्या जागची मूठभर माती आण. जीव तितंच अडकलाय त्याचा. उतरवून टाकते."

मी जाम वैतागले. इथे पुरावा मिळेना आणि यांना माती हवी!

ओळखीच्या रफिकभाईंची रिक्षा केली. पंचनाम्यातल्या जागेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, टेप लावून अंतरं मोजली. हाती काही लागलं नाही. हायवेवर परत फिरायला डिव्हायडरच्या पुढच्या फटीपर्यंत जावं लागतं. तिथून वळून सोलापूरच्या बाजूला लागलो आणि थोडं आल्यावर मला मातीची आठवण झाली. म्हटलं, माती ती माती, आत्यांना काय कळतंय. तिथंच उतरले, कडेची मूठभर माती रुमालात बांधली. शेजारी एक रसवंती होती, त्या दिवशी बंद, झाकलेली. बास, एवढंच मला आठवतं.

संध्याकाळी आत्या मुठीत माती घेऊन सिद्धारामवरून उतरवायला लागल्या. तो टीव्ही बघत होता, त्यालाही यात काही रस नव्हता. एकाएकी त्यानं आईचं मनगट धरलं.

"ही रसवंतीपासची माती हाय. हितंच उडवलं मला."

माती कुठून उचलली ते मी घरात कुणाला बोलले नव्हते. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

मग तो बोलतच सुटला. कार मागून आली. दोघं उतरले. दवाखान्यात नेतो म्हणून त्याला मागच्या सीटवर घातलं, एकानं त्याची बाईक घेतली. त्यानं पाणी मागितलं. परत परत मागितलं. थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली, त्याला उचलून डिव्हायडरच्या पलीकडे तापल्या डांबरावर ठेवलं, बाईक शेजारी आडवी केली आणि निघून गेले. या सगळ्या वेळात तो शुद्धीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथं गेले. रसवंतीवाली बाई होती. विचारल्याबरोबर म्हणाली, "व्हय, हितंच की! लई जोरात उडीवलं ओ. मग त्या दोघांनीच उचलून गाडीत घातलं त्याला. म्या हात जोडले त्यास्नी... म्हटलं, चांगली माणसं हायत."

"पोलिसांना नाही सांगितलंत?"

"हितं कोण आलंच न्हाय की इचारायला."

मला साक्षीदार मिळाली. आनंद झाला म्हणायचीही लाज वाटते, पण झाला. डॉक्टर म्हणाले, त्या मातीला उसाच्या चिपाडांचा वास असणार, वासानं कधीकधी आठवण परत येते. मला ते पटलं. खरं तर मी ते पटवून घेतलं.

पण नंतर एकदा रफिकभाई भेटले. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तब्येत बरी नव्हती काय तुमची? 'गाडी थांबवा, पाणी द्या, पाणी द्या' म्हणून तुम्ही ओरडत होता की. मी घाबरून ब्रेक मारला. बाटली पुढं केली तर घेतली नाही, उतरून सरळ माती भरत बसला."

मी पाणी मागितलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये माझी बाटली होती, भरलेली. निदान मला तरी असंच आठवतं... रफिकभाई मात्र शपथेवर सांगतात. त्यांना खोटं बोलून काय मिळणार? सिद्धारामनं पाणी मागितलं होतं, हे तर त्या वेळी आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. यावर मी खूप डोकं फोडलंय.

कोर्टात विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हसत विचारलं, "इतके महिने कोरी पाटी, आणि दावा लागल्यावर अचानक सगळं आठवलं?"

सिद्धाराम व्हीलचेअरवरून म्हणाला, "परत विसरायची काय सोय असली तर सांगा. दावा आत्ता मागं घेतो."

दावा अजून चालू आहे. वकीलसाहेब म्हणतात, आता आपण जिंकणार. जिंकू कदाचित. पण आठवत नव्हतं तेव्हा तो निदान शांत झोपायचा तरी. आता डोळा लागला की पाणी मागतो. मी उठून पेला तोंडाशी धरते. तो पीत नाही. माझ्याकडे बघत हात जोडतो आणि म्हणतो, "साहेब, हितं नका ठेवू."