बारा पानांचा ड्रायव्हर

मानवी संस्कृतीच्या प्रत्येक मोठ्या वळणावर जुनं कसब नव्या यंत्रापुढे मान तुकवतं आणि इतिहास पुढे सरकतो, असं माझं ठाम मत होतं. ते पुस्तकांतून आलेलं होतं, त्यामुळे भक्कम होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, श्रीरामपुरात, ऐन मार्चमध्ये ते सोमवारपासून शनिवारपर्यंत टिकलं.

मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सकाळी भिंगं आणि लोलक कपाटातून काढायचे, संध्याकाळी मोजून परत ठेवायचे, एवढंच काम. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबरची पुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. ती वाचणारा मी एकटाच निघालो, आणि तेवढ्या भांडवलावर गावात ‘कॉम्प्युटरवाले सर’ झालो.

माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट होती. ती चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या. रविवारी सकाळी चर्च आणि बाकीचे सहा दिवस बारा टाइपरायटर, असा त्यांचा आठवडा. सरकारी टायपिंग परीक्षेत त्यांच्या मुली नापास होत नसत, कारण बाईंना ते आवडत नसे. पण त्या वर्षी समोरच्या इमारतीत काचेचं दार आणि निळा बोर्ड असलेला कॉम्प्युटर क्लास उघडला, आणि बाईंच्या संध्याकाळच्या बॅचमधले स्टूल रिकामे राहायला लागले. बाईंनी महिनाभर काचेकडे पाहिलं आणि मग एक कॉम्प्युटर मागवला. दारावर स्वतः टाइप केलेला कागद लावला: पाडव्यापासून संगणक वर्ग सुरू. अकरा मुलींनी नावं दिली. पाडव्याला मशीन चाललं नाही तर त्या अकराही रस्ता ओलांडणार, हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि समोरच्यांना तर नक्कीच माहीत होतं.

पाडवा पुढच्या सोमवारी. त्याच्या आठ दिवस आधीच्या संध्याकाळी मशीन टेम्पोतून आलं. पुण्याचा विक्रेता फोनवर “सगळं टाकून दिलंय” म्हणाला होता. काही टाकलेलं नव्हतं. हार्ड डिस्क धुतल्या तांदळासारखी होती. सोबत जुन्या काळ्या पडद्याच्या प्रणालीची एक फ्लॉपी होती आणि नव्या, चित्रांच्या प्रणालीची एक चकचकीत सीडी. फ्लॉपीने मशीन सुरू करायचं, सीडीवरून नवी प्रणाली चढवायची, असा रिवाज.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी फ्लॉपी घातली, मशीन सुरू झालं, आणि त्याने सांगितलं की आपल्याला सीडीचा ड्राइव्ह दिसत नाही. मी खोकं उघडलं. केबल काढून परत लावली, मग उलट्या क्रमाने लावली, एक छोटी पिन या टोकावरून त्या टोकावर नेली. बाई शेजारी हात बांधून उभ्या होत्या.

“सर, तुम्ही दुरुस्त करताय की शोधताय?”

“शोधतोय, बाई.”

“मग ठीक आहे. फक्त सापडल्याचं नाटक करू नका.”

दुपारपर्यंत सापडलं. सीडीच्या ड्राइव्हला मशीनशी बोलायला एक छोटासा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो वेगळ्या फ्लॉपीवर मिळतो. आमच्या खोक्यात त्या फ्लॉपीसाठी कापलेली जागा होती, फ्लॉपी नव्हती. ड्राइव्हच्या कागदात मात्र लिहिलं होतं की काळजीचं कारण नाही, ड्रायव्हर सोबतच्या सीडीवरही दिलेला आहे.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “किल्ली कपाटात आहे.”

“हो.”

“आणि कपाटाला कुलूप आहे.”

“हो.”

“हे इंजिनियर लोकांनी केलं?”

मी हो म्हणालो. पुण्याच्या विक्रेत्याला एसटीडी बूथवरून फोन केला. तो म्हणाला, पाडव्यानंतर माणूस पाठवतो. समोरच्या क्लासकडे हाच ड्रायव्हर असण्याची दाट शक्यता होती. ते मी बाईंना एकदाच सुचवलं. त्या म्हणाल्या, “मी मेल्यावर जा.”

माझा एक मित्र नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्याच्याकडे तोच ड्रायव्हर होता. त्याने लगेच फ्लॉपीवर उतरवला आणि मंगळवारी सकाळची एसटी चालवणाऱ्या मामांच्या हाती पाकीट दिलं. मामांनी ते जपून, डोळ्यांसमोर राहील असं, इंजिनाच्या बॉनेटवर ठेवलं. मार्च महिना, दोन-अडीच तासांचा रस्ता. फ्लॉपी श्रीरामपूरला पोहोचली तेव्हा तिला पापडासारखा बाक आला होता.

बुधवारी मी स्वतः नगरला गेलो. नवी फ्लॉपी मित्राच्या मशीनवर दोनदा वाचून पाहिली आणि कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून आणली. ती आमच्या मशीनला वाचता येईना. मित्राला बूथवरून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माझ्या ड्राइव्हचं डोकं जरा सरकलंय. मी लिहिलेलं मलाच वाचता येतं.” असे लेखक मी वाचले होते, असं यंत्र पहिल्यांदाच पाहत होतो. मशीन टेम्पोत घालून नगरला नेऊ, असं मी म्हटलं. बाईंनी खिडकीतून काचेच्या दाराकडे नुसतं बोट दाखवलं. मशीन जाताना ते पाहणार होते.

मग त्यांनी विचारलं, “त्या फ्लॉपीवर नेमकं असतं काय?”

“आकडे, बाई. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या. शून्य ते नऊ आणि ए ते एफ.”

“कागदावर उतरवता येतात?”

“येतात. पण अकरा हजारांच्या वर जोड्या आहेत.”

“आणि कागदावरून परत आत घालता येतात?”

येत होतं. जुन्या प्रणालीत डीबग नावाची एक सोय होती. जोड्या टाइप करून तिला दिल्या की ती त्यांची फाइल बनवून देई. मी तसं सांगितलं आणि घाईने पुढे म्हणालो की एक जरी जोडी चुकली तरी सगळं वाया, शिवाय त्याला काही अर्थ नसतो, नुसती अक्षरं.

बाई हसल्या. “सर, माझ्या मुली परीक्षेला गव्हाच्या आयातीवर इंग्रजी उतारा टाइप करतात. त्यांना त्याचा अर्थ कळतो असं वाटतं तुम्हाला?”

गुरुवारी सकाळी नगरहून मित्राने छापलेली बारा पानं आली, एकमेकांना जोडलेली, कडेला भोकं असलेली. तीही बॉनेटवरूनच आली. कागद कोमट होता. बाकी एक अक्षर हललं नव्हतं.

टाइप करायला बाईंनी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनी बसवल्या, ज्या आता तिथेच शिकवत. एक स्टेशनजवळ राहणारी, शांत. दुसरी राहात्याहून रोज बसने येणारी, जिचं तोंड बोटांइतकंच जलद चाले. मशीन एकच, म्हणून पाळ्या लावल्या. राहातेकरणीने पहिलं पान हातात घेऊन उलटं-सुलटं केलं.

“सर, ह्ये वाचायचं का नुसतं बडवायचं?”

“बडवायचं नाही. हा टाइपरायटर नाही, हलकं दाबायचं.”

“हलकं दाबलं तर त्याला कळंल व्हय? आमच्या घरात हलकं बोललेलं कुनालाच कळत न्हाई.”

आणि ती सुरू झाली. मी आयुष्यात बरीच मोठी माणसं मन लावून काम करताना पाहिली आहेत, विशेषतः फोटो काढला जात असताना. पण त्या दोघींसारखं काम पाहिलं नाही. डोळे कागदावर, मान ताठ, बोटं चालू. ओळ संपली की डावा हात आपोआप वर उठायचा, टाइपरायटरचा, इथे नसलेला दांडा ढकलायचा आणि परत यायचा. गुरुवार आणि शुक्रवारच्या दुपारी त्या नसलेल्या दांड्याने शेकडो फेऱ्या मारल्या. शुक्रवारी दोघी चहाला गेल्या तेव्हा, आपलाही हातभार लागावा म्हणून, नवव्या पानाचा वरचा अर्धा भाग मी टाइप केला. कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी बारावं पान संपलं. बाई, दोघी आणि मी मशीनभोवती उभे राहिलो. मी डीबगला फाइल दिली.

पडद्यावर चूक असल्याची खूण आली. मग दुसरी. मग पडदाभर खुणाच खुणा, खालून वर धावणाऱ्या. जवळजवळ प्रत्येक ओळ चुकलेली. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. खिडकीतून समोर काचेचं दार उघडून दोन मुली आत जाताना दिसत होत्या. त्यातली एक आमच्या अकरांतली होती.

मी पहिली ओळ कागदाशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर तेच. पुन्हा पाहिली. मग मान वळवून शेजारच्या टाइपरायटरकडे पाहिलं आणि त्याच्या वरच्या ओळीतल्या कळा वाचल्या: दोन, तीन, चार, पाच. एक नव्हताच. बाईंच्या बाराही टाइपरायटरवर एक नव्हता, शून्यही नव्हता. ‘एक’च्या जागी इंग्रजी छोटा एल, शून्याच्या जागी मोठा ओ. कागदावर दोन्ही सारखेच दिसत, आणि श्रीरामपूरच्या अर्ध्या कचेऱ्यांचा पत्रव्यवहार त्यावर बिनबोभाट चालला होता. दोघींनी अकरा हजार जोड्यांत एकदाही एकची कळ दाबली नव्हती. ती तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं, कारण त्या कळांकडे पाहतच नव्हत्या. कळांकडे पाहू नका, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

“म्हणजे चूक झाली?” बाईंनी विचारलं. आवाज कोरडा होता.

“चूक नाही, बाई. शिस्त झाली.”

“मग सगळं परत?” शांत मुलगी म्हणाली.

परत नाही. या जोड्यांत एल कुठेच नसतो आणि ओही नसतो. मी एका आज्ञेत सगळे एल एक केले आणि दुसऱ्या आज्ञेत सगळे ओ शून्य. चहा ओतायला लागतो तेवढा वेळ गेला. डीबगने या वेळी एकही खूण दाखवली नाही, फाइल झाली. मी मशीन पुन्हा सुरू केलं, ड्रायव्हर चढला आणि मशीन जागच्या जागी गोठलं.

आता एकच उपाय होता, आणि तो बाईंच्या इन्स्टिट्यूटचा नेहमीचा होता: एकीने वाचायचं, दुसरीने तपासायचं. राहातेकरीण कागदावरून वाचत होती, “बदकाचा बी, सात, डमरूचा डी, दोन,” आणि शांत मुलगी पडद्यावर बोट सरकवत होती. एक ते आठ पानं, चूक शून्य. नवव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, बोट थांबलं. पाचच्या जागी सहा होता.

“ह्ये कुनी केलं?” राहातेकरीण म्हणाली. “ही वळ माझी न्हाई.”

“माझीही नाही,” दुसरी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

“सरांनी केलं व्हय! बाई, सरांना बिगिनरच्या बॅचमधी घ्या. आमी शिकवतो.”

नवव्याचा बाकीचा भाग आणि उरलेली तीन पानं स्वच्छ होती. मी पाच केला आणि मशीन सुरू केलं. सीडीच्या ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लुकलुकला, आतून घरघर आली आणि पडद्यावर सीडीतल्या फाइलींची यादी उतरू लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “रविवारी कोणी यायचं नाही. सोमवारी आठला.” संध्याकाळपर्यंत नवी प्रणाली चढली. चढल्यावर कळलं की तिच्या पोटात तिचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. आमचा तिला पुन्हा कधीही लागणार नव्हता. दोन दुपारी आणि एक सकाळ टाइप केलेली ती फाइल बरोबर एकदा वापरली गेली.

पाडव्याला उद्घाटनासाठी गावातल्या एका संस्थेचे अध्यक्ष आले, सोबत त्यांना माहीत नसलेल्या विषयावर बोलायची त्यांची नेहमीची तयारी. मॉनिटरपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधलेली फीत त्यांनी कापली. पाडव्याचा मुहूर्त चर्चला जाणाऱ्या बाईंनी कसा निवडला, असं त्यांनी हसत विचारलं. बाई म्हणाल्या, “मुली पाडव्याला येतात, साहेब.” मग भाषण झालं. टाइपरायटरचं युग आता संपलं आहे, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. हे सांगताना त्यांचा हात एका टाइपरायटरवर टेकलेला होता, कारण टेकायला दुसरं काही नव्हतं. शेवटी त्यांनी माउस धरला, पडद्यावर चित्र आलं, फोटो निघाला आणि ते पुढच्या फितीकडे गेले.

अकरा मुली पहिल्या दिवसापासून येऊ लागल्या. शनिवारी रस्ता ओलांडलेली तर सगळ्यांत आधी आली. पण तोपर्यंत राहातेकरणीने अकरा हजार जोड्या आणि सरांची एक चूक ही हकिगत बसमध्ये, बाजारात आणि स्टँडवर इतक्यांदा सांगितली होती की पाडव्यानंतरच्या आठवड्यात बाईंकडे आणखी चौदा नावं आली. संगणकाला तीन, टायपिंगला अकरा.

जूनमध्ये बाईंनी आणखी दोन टाइपरायटर घेतले. सेकंडहँड.