बाहेर न येणारी काठी

वहिनींचा न अडकणारा खटका पहिल्याच दिवशी अडकला. तोही फाटकासमोरच्या काटेरी झाडात, माल बघायला आलेल्या पाहुण्यांदेखत. काठी वर छान गेली, फांदी छान कापली, आणि खाली ओढायची वेळ आली तेव्हा मात्र तिने झाडाशी सोयरीक जुळवली. पाहुणे चहा न घेता गेले. मालक चहा न विचारता आत गेले.

कारखाना तसा आटोपशीर. दोन लेथ, एक लांब टेबल आणि भिंतीशी नळ्यांचे भारे. एकीत एक सरकणाऱ्या तीन नळ्या, टोकाला करवत: जमिनीवर उभं राहून उंच फांद्या छाटायची काठी इथे तयार होते. ओढून लांब केलेली नळी जागच्या जागी पक्की धरतो तो खटका. वहिनी जोडणीच्या टेबलावर. त्यांचा दीर याच काठ्या घेऊन झाडं छाटत हिंडायचा, काठ्या न्यायला आला की त्याच्या तोंडून ऐकून ऐकून त्या अख्ख्या कारखान्याच्या वहिनी झाल्या. मालक तेवढे बाई म्हणत.

जुना खटका म्हणजे नळीच्या कडेला बाहेर आलेली लोखंडी जीभ. एकदा ती डहाळीत अडकून उघडली, वरची नळी करवतीसकट सर्रकन खाली आली आणि दिराच्या खांद्याला टाके पडले. तेव्हापासून वहिनी त्या जिभेच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. त्यांच्या खटक्यात बाहेर काहीच नव्हतं. आत एक छर्रा, वर गुळगुळीत कडं. कडं फिरवलं की छर्रा नळीच्या भोकात बसायचा.

मालकांनी फर्मावलं, जुनीच जीभ बसवा, हवी तर वर रबराची टोपी घाला. वहिनी म्हणाल्या, टोपी घातली म्हणून जीभ गप्प बसत नाही, घरोघरी बघा. मालकांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. पाहुणे सोमवारी पुन्हा येणार होते. तोवर खटका सुधारला तर ठीक, नाहीतर बाईंनी जुना बसवायचा किंवा घरी बसायचं.

रात्री घरी जेवताना वहिनींचं एकच पालुपद: कड्याचा माथा लिंबासारखा गोल केलाय, मग अडलं कुठे? दीर घास चावत ऐकत होता.

"वहिनी, राग मानू नका. काठी झाडात राहायला जाते का?"

"म्हणजे?"

"आम्हाला ती परतही आणावी लागते."

मग त्याने पाण्याचा तांब्या बाजूला सारून हातानेच दाखवलं. वर जाताना पानं वाट देतात. काठी उतरवताना मात्र वर बघायचं नसतं, डोळ्यांत भुसा पडतो. हाताखाली हात घेत ती आंधळेपणाने ओढायची असते. कड्याची खालची कड वहिनींनी तशीच ठेवलेली, फळीसारखी सरळ. प्रत्येक डहाळी तिच्यावर बसून घेत होती. टेबलावर त्यांनी काठी नेहमी पुढे ढकलूनच पाहिली होती. चूक आपली, ती काढली दिराने, तीही तोंडात घास असताना! वहिनींनी त्याला हुशार म्हटलं आणि भाजी वाढायची राहू दिली.

दुसऱ्या दिवसापासून कानस चालू. कडं दोन्हीकडून उतरतं केलं. तरी बोटाला न लागणारी धातूची बारीक कूस राहतेच, म्हणून त्यांनी नणंदेचा रेशमी स्कार्फ घरच्या खुंटीवरून उचलला आणि कड्यावरून वरखाली ओढत बसल्या. जिथे धागा निघेल तिथे पुन्हा कानस. स्कार्फला दाढी आली, पण शेवटी तो अडखळेना.

सोमवारी वहिनींनी स्कार्फची कसोटी सांगितली, तशी मालकांनी काठी स्वतःच्या हातात घेतली. स्कार्फ झाडाला लागत नाहीत, म्हणाले, आणि काटेरी झाडाच्या ऐन गचपणात ती घुसवली. मग चिडून ओढावी तशी ओढली. पाण्यातून हात काढावा तशी काठी बाहेर आली आणि मालक दोन पावलं मागे धडपडले. पाहुण्यांनी या वेळी चहा घेतला.

मालकही खूश होते. फक्त एवढंच म्हणाले, की जुन्या जिभांची पेटी भरलेली आहे, या खेपेला त्या संपवू, पुढच्या खेपेपासून बाईंचा खटका.

वहिनींनी हातातला पाना टेबलावर ठेवला.

"ती जीभ माझ्या हातून बसणार नाही, मालक. दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या. आणि काठीखाली तुम्ही उभे राहा."

"बाई, नोकरी आहे ना करायची?"

"आहे. म्हणूनच सांगतेय."

लेथ थांबले. पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, कसली जीभ? वहिनींनी पेटी उघडून एक त्यांच्या तळहातावर ठेवली आणि दिराच्या खांद्याची हकिकत टाक्यांसकट सांगितली. पाहुणे म्हणाले, आम्हाला या नकोत. मालकांनी वहिनींकडे असं पाहिलं, की आता पाना उचलून घरीच जावं. त्या जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने मालकांनीच पेटी पायाने भंगाराकडे ढकलली. शाबासकी दिली नाही, काढूनही टाकलं नाही.

घरी नणंद दारातच उभी होती, स्कार्फ दोन बोटांत धरून.

"हे काय?"

"नवीन घेऊन देईन."

"कधी?"

"सध्या काम फार आहे," वहिनी म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.