सोप्यातला मिशीवाला कोळी

कोळ्याला मिशा नसतात हे मला कळतं. मी वाईची, चार इयत्ता शिकलेली. पण कोरेगावजवळच्या आमच्या सासरी पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, जो कोळी आला, त्याला होत्या. तोंडावर नव्हे, पाठीवर. बोराएवढी पिवळसर पाठ, तिच्यावर डोळ्यांसारखे दोन काळेभोर ठिपके आणि त्यांच्याखाली झुपकेदार मिशी, काजळानं रेखल्यागत. तसला कोळी मी आधी पाहिला नव्हता आणि नंतर जन्मभर कोनाकोपरे झाडले तरी मला दिसला नाही.

जागा तरी कुठली धरावी मेल्यानं? जाळ्याचं एक टोक खांबाला आणि दुसरं थोरल्या दिरांच्या फेट्याच्या खुंटीला!

थोरले दीर पलटणीत होते. सिंगापूर पडलं तेव्हा ते तिकडेच होते आणि तेव्हापासून जिवंत असल्याचा निरोप नव्हता, मेल्याचाही नव्हता. आता लढाई संपली होती. गावातले दोघेतिघे परत आले होते, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. माझी थोरली जाऊ मात्र रोज सकाळी कपाळभर कुंकू लावून कामाला लागायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, “येत्याल की. वाट लांबची हाय.”

सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांची नजर कोळ्यावर गेली आणि हातातलं सूप खाली पडलं. “आगं बया! माझा ल्योक आला की गं!”

चुलीपासूनच जाऊ कडाडली, “न्हाई! त्येंच्या मिशा वर जात्यात. ह्येच्या बगा, खाली पडल्यात.”

“उलटा लटकलाय न्हवं! सरळ केला तर वरच जात्याल.”

“मग डोळे मिशीच्या खाली येतील,” मी म्हणाले. खरं ते बोलले, तर दोघीही माझ्यावरच डाफरल्या, “वाईची शानी, तू गप!”

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतंच. भादव्याचा पितृपंधरवडा चालू होता. मेलेली माणसं त्या पंधरा दिवसांत घरी येतात, कोणत्याही रूपानं येतात, असं आमच्याकडे मानतात. दीर कोळी होऊन आले असतील तर ते गेले. आणि ते गेले असतील तर जावेचं कुंकू पुसायचं. आत्याबाईंच्या हे ध्यानातच आलं नाही. पोरगं घरी आलं, एवढंच त्या माउलीला दिसलं.

मग काय, शेजारणींची रीघ लागली. प्रत्येकीनं आधी कोळ्याची पाठ बघायची, मग जावेचं कपाळ बघायचं आणि सुस्कारा सोडायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकजण म्हणाली, “डोळं तर हुबेहूब त्येंचंच.” जाऊ म्हणाली, “तुमच्या म्हशीचं बी तसलंच हायती. तिला बी पाटवून द्या हिकडं.”

शाळेचे मास्तर एकदा आमच्या ह्यांच्याकडे आले होते. त्यांनी चष्मा पुसून कोळी न्याहाळला. म्हणाले, “दुर्मीळ दिसतोय. पण ही मादी आहे. एवढी मोठी असते ती मादीच.”

जावेचा चेहरा असा उजळला म्हणता! मास्तरांना तिनं लोण्याच्या गोळ्यासकट ताक दिलं, वर गूळ-शेंगदाणे दिले. पण आत्याबाई कसल्या ऐकतात! “मास्तर, शिकून वाया गेलास रं बाबा,” त्या म्हणाल्या. “मिशीची मादी कुटं बगितलीस?” मास्तर ताक पिऊन निघून गेले.

सर्वपित्रीला आमच्या घरी म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण. सासऱ्यांचं पान दरवर्षी असायचंच. त्या वर्षी आत्याबाईंनी आणखी एक पान घेतलं आणि कोळ्याच्या खाली मांडलं. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं वाढलं. मला हसू यायचं ते कधीच संपलं होतं. एकदा त्या पानाला पितरांचं म्हणून हात जोडले की झालं, दीर गेले म्हणायला गावाला दुसरं काही लागणार नव्हतं.

जाऊ बाहेर आली. पान बघितलं आणि तशीच आत गेली. परत आली ती हातात कांदा घेऊन. तिथंच बसून तिनं एका बुक्कीत तो फोडला आणि खिरीशेजारी ठेवला.

म्हाळाच्या पानावर कांदा! आमच्या ह्यांनी तर “वहिनी!” म्हणून कपाळालाच हात लावला. पितरांना कांदा-लसूण चालत नाही, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक.

“हे पान मेलेल्याचं न्हाई,” जाऊ म्हणाली. “जित्या माणसाचं हाय. त्येस्नी कांद्याबगार घास उतरत न्हाई. आत्याबाई, तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?”

आत्याबाईंनी त्या कांद्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आत गेल्या आणि लसणीच्या ठेच्याचा चांगला मोठा गोळा आणून पानात वाढला. “ह्यो बी लागतुया त्येला,” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. ते पान शेवटी आमच्या ह्यांनी खाल्लं, आपलं एक जेवून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे. सगळं घर झाडलं, सारवलं, तेवढा एक कोपरा सोडून. केरसुणी घेऊन तिकडे जायची कुणाची छाती झाली नाही.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. नुसता हाडांचा सापळा, अंगात ढगळ खाकी कोट, तोंड सफाचट. आत्याबाईंनी विचारलं, “कोन रं तू? कुनाकडं आलायस?”

“आये, मी,” तो म्हणाला. आत जावेच्या हातातून भाकरी तव्याबाहेर पडली.

रडणं झालं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, बूट काढून पायांवर पाणी घालायचं तेवढं राहिलं. पण आत्याबाईंना कुठला दम! त्यांनी लेकाचा हात धरून त्याला खुंटीपाशी नेलं आणि कोळ्याची सगळी हकिकत सांगितली. दीर पोट धरधरून हसले. स्वतःच्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं, पुन्हा कोळ्याकडे बघितलं आणि दाराआड उभ्या असलेल्या जावेला विचारलं, “खरंच का गं? ह्यो माज्यावानी दिसतुया?”

सासूसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. जाऊ बोलली.

“न्हाई,” ती म्हणाली. “ह्यो घर सोडून कुटं गेला न्हाई.”

दीर हसायचे थांबले आणि तिथंच उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.