थिरथिऱ्याचा ठराव

दुष्काळात आमच्या कॉलेजच्या मैदानावर जनावरांची छावणी पडली आणि माशा इतक्या झाल्या की वर्गात तोंड उघडायची सोय राहिली नाही. मी प्राणिशास्त्राचा हंगामी प्राध्यापक, म्हणजे तोंड उघडायचाच पगार घेणारा! खूश होता तो फक्त थिरथिरा. चिमणीएवढा, काळा, पोट विटकरी, शेपटी सारखी थरथरणारी. उन्हाळ्यात हिमालयात उंचावर राहायचं, थंडीत आमच्याकडं उतरायचं. त्या वर्षी तालुक्यात पोटभर जेवणारे दोघंच, तो आणि आमचे चेअरमन.

चेअरमन साखर कारखान्याचे, आणि त्याच आवारातल्या कॉलेजचेही. ऊस वाळून गेला, धुराडं थंड पडलं, पण बैठका गरम. एका बैठकीला मलाही बोलावणं आलं. विषय दोन: कारखान्याच्या नव्या बोधचिन्हावर कुठला पक्षी घ्यावा, आणि मला नोकरीत कायम करावं का. बायको-लेक गावी ईटला, मी इथं खोलीवर. कायम झालो की त्यांना आणायचं, एवढ्या एका आशेवर मी दिवस काढत होतो.

मी थिरथिरा सुचवला. म्हटलं, दिवसभर राबतो, माशा खातो. पूर्वी याला कस्तुर पक्ष्यांच्या घराण्यात धरायचे, हल्ली जाणकार म्हणतात, हा माशीमारांच्या घराण्यातला.

"म्हंजी पॅनल बदललं!" एक संचालक म्हणाले. सगळ्यांना तिथल्या तिथं पटलं. इतका हुशार वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

"पर ऱ्हातो कुठं?" चेअरमननी विचारलं.

"हिमालयात. इथं पाहुणा."

झालं! चेहरे पडले. कारखाना बाहेरच्यांना घेतो म्हणून विरोधक आधीच बोंबलत होते, त्यात बोधचिन्हच बाहेरचं?

"तुळजापूरच्या घाटातबी थंडी पडतीच की," कुणीतरी धीर दिला.

"सर, लई ताणू नका," चेअरमन म्हणाले, "सहकारात मार्ग असतो." आणि ठराव मांडला: सदर पक्षी आजपासून या तालुक्याचा रहिवासी समजण्यात यावा. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, टाळ्या पडल्या. हिमालयाला कुणी विचारलं नाही.

मला हसू आवरेना. आणि खरं सांगतो, जिवात जीवही आला. नुसता हात वर करून ही माणसं डोंगरातल्या पाखराला घरचं करतात, मी तर याच जिल्ह्यातला!

मग माझा विषय निघाला. चेअरमननी चष्मा पुसला. "सर, ईटला तुमचं घर कुठल्या अंगाला?"

आडनाव त्यांना ठाऊक होतंच. माणसाचं घराणं ओळखायला आमच्याकडं पुस्तक लागत नाही. आमचं घराणं वडिलांनी छप्पन्न सालीच बदललं, बौद्ध झाले, कुठल्या जाणकाराची वाट न बघता. शाळेजवळ, असं सांगून सुटता आलं असतं.

"विहाराजवळ," मी म्हणालो.

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. पॅनल बदललं, असं या खेपेला कुणी म्हणालं नाही.

"सर मानूस लई चांगला हाय," चेअरमन म्हणाले, "पर बाहेरचे पडतेत. विषय तहकूब." सूचक मिळाले, अनुमोदकही मिळाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी नमस्कार करूनच उठलो.

उन्हं तापली तसा थिरथिरा निघून गेला. ठराव त्याला कळवला नव्हता. कारखान्याच्या फाटकावर मात्र त्याचं चित्र रंगवलं, खाली ठळक अक्षरात 'आपला'.

सुट्टीत लेक चार दिवस राहायला आली. फाटकाशी थांबून वर बघत म्हणाली, "बाबा, हे पाखरू इथलं हाय का?"

"व्हय," मी म्हणालो, "ते इथलं. आपण बाहेरचे."