टेलिफोनचं कुलूप

आमच्या कन्हेरी गावात चोऱ्या होत नसत, म्हणून मी टेलिफोनला कुलूप लावलं.

म्हणजे खरंखुरं कुलूप नव्हे. बारामतीत माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. विजेचं जे जे काही ते आपल्यालाच कळतं, अशी माझी समजूत. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बटणांचा फोन आला आणि कळलं, की चार आकडी गुप्त नंबर दाबला की बाहेरगावी फोन लावणं बंद करता येतं. तोच दाबला की पुन्हा सुरू. मला बिलाची चिंता नव्हती. हौस गुपिताची होती.

नंबर दाबताना मी घरातल्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचो. आईलाही. ती मेथी निवडत निमूट पाठ फिरवायची. (तिला आकडे वाचता येत नव्हते, पण सुरक्षा म्हणजे सुरक्षा.) शिवाय दर सोमवारी मी नंबर बदलायचो आणि कागदावर कधीच लिहायचो नाही. कागद चोरीला जातो, डोकं जात नाही, असं मी शेजारच्या तात्यांना समजावून सांगितलं होतं.

अशाच एका सोमवारी, नवा नंबर लावून मी तात्यांबरोबर चहा प्यायला बसलो आणि पोस्टमन आला. धाकटी बहीण सुनंदा बी.एड. झालेली. तिला बारामतीच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र होतं. मुलाखत त्याच दिवशी, दुपारी तीनला! आणि सुनंदा इंदापूरला मावशीकडे. तिथली अकराची एसटी चुकली तर पुढचीचा उपयोग नव्हता. घड्याळात दहा वाजून गेलेले.

"लाव की फोन," तात्या म्हणाले.

मी ऐटीत रिसीव्हर उचलला आणि डोक्यात पाहिलं. डोकं जागेवर होतं, नंबर नव्हता.

सुनंदाची जन्मतारीख दाबली. 'आपला संकेतांक चुकीचा आहे,' असं एक बाई पलीकडून नम्रपणे म्हणाली. स्कूटरचा नंबर दाबला. ती तितक्याच नम्रपणे तेच म्हणाली. लग्नाची तारीख दाबली, तीही चुकली. (ती माझ्याकडूनच चुकली होती, हे बायकोने लगेच सांगितलं.)

"गावातल्या बूथवर जातो," मी म्हणालो.

"बूथवाला सकाळीच लग्नाला गेलाय," तात्या म्हणाले. "तुझी स्कूटर कुठं हाय?"

"गॅरेजात."

तात्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. पोरीने वर्षभर अभ्यास केला होता आणि तिच्या वाटेत मीच कुलूप लावून बसलो होतो.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली. "सर तिकडं."

"आई, तुला आकडे कळत न्हाईत."

"आकडं कुणाला पायजेत? आवाज कळतोय की."

तिने एकेक बटण दाबून प्रत्येकाचा वेगळा सूर कान लावून ऐकला. मग रिसीव्हर ठेवला, पुन्हा उचलला आणि सकाळी ऐकलेली चाल गुणगुणत, न अडखळता बटणं दाबली. कुलूप उघडलं. तसंच गुणगुणत तिने पुढे मावशीचा नंबरही लावला.

"सुनंदाला अकराच्या गाडीत बसव," ती म्हणाली. "साडी निळी नेसायला सांग."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"माझ्या बापाची दोनशे मेंढरं हुती. घंटी वाजली की कुठलं मेंढरू कुठं गेलं ते पाठ फिरवून सांगत हुते मी. तुजी तर धाच बटणं."

"म्हंजे आधीपण उघडलं हुतंस?"

"रोज दुपारी तुज्या मावशीशी बोलती की. तू दुकानात गेलास का उघडायचं, यायच्या आत लावायचं."

सुनंदा वेळेत पोहोचली, आणि नोकरी घेऊनच घरी आली. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आईची गोष्ट सांगितली. मोटार जळाल्याचं दुःख विसरून लोक ऐकत बसायचे, आणि माझी छाती फुगायची.

पुढच्या सोमवारी नंबर आईने लावला. सगळ्यांना ऐकवून, फक्त मला अंगणात पाठवून. "सांगितला तर इसरशील," ती म्हणाली. तेव्हापासून मला बाहेरगावी फोन करायचा असला, की आधी कारण सांगावं लागायचं. ते तिला पटलं तर फोन लागायचा. टेलिफोन डिरेक्टरीत मात्र माझंच नाव छापून यायचं.