ताकदीचं सलाईन

पाटी वाचून हॉस्पिटल निवडणारं घर आमच्याशिवाय दुसरं असेल असं मला वाटत नाही. औरंगाबादला, आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो, कॅन्सरचं म्हणून एक मोठं हॉस्पिटल होतं. घरापासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. पण त्याच्या पाटीवर तो शब्द हातभर अक्षरांत लिहिलेला. "दादानं ते वाचलं तर तो जागच्या जागी खचेल," असं माझे धाकटे दीर म्हणाले. म्हणून मग पाटीवर तसलं काही लिहिलेलं नाही असं एक हॉस्पिटल शोधून तिथं माझ्या नवऱ्याचा इलाज सुरू केला. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा राग काही अजून गेलेला नाही.

आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत टर्नर होते. बजाजनगरला भाड्याच्या खोलीत निम्मं आयुष्य काढलं आणि मग शहराच्या पार कडेला, जिथं कालपरवापर्यंत ज्वारी उभी होती, तिथं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. त्याच सुमाराला ह्यांना संडासच्या वेळी रक्त पडायला लागलं. ते वर्षभर अंगावर काढलं. मी मागं लागले तेव्हा क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरकडं गेले. त्यानं हात न लावता मूळव्याध सांगितली, मलम दिलं. आम्ही पण शहाणे, मूळव्याध म्हटल्यावर हुश्श केलं. मग एक दिवस पोट फुगून टम्म झालं, उलट्या थांबेनात, घाईघाईनं ऑपरेशन झालं. आतड्यातली गाठ काढली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. सर्जन दारात येऊन म्हणाले, "नातेवाईक आत या." झालं. नातेवाईक आत आणि ज्याचं पोट फाडलं तो बाहेर कॉटवर. आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज, लिव्हरवर डाग. मला एवढंच कळलं की दीर शेजारी बसून रडताहेत आणि सर्जन घड्याळ बघताहेत. बाहेर आल्यावर दिरांनी डोळे पुसले, माझ्या मुलीला जवळ ओढलं आणि म्हणाले, "वहिनी, हिच्या डोक्यावर हात ठेवा. दादाला सांगायचं नाही. वडलांना सांगितलं होतं तर ते पंधरा दिवसांत गेले, तुम्हाला माहीत आहे." पोरगी लग्न झालेली, पोटुशी. तिच्या डोक्यावरचा हात मी कसा काढून घेणार? शपथ घेतली.

मग खोटं रचायचं काम माझ्यावर आलं. कारण दीर पुण्याला नोकरीवर परत गेले. ह्यांना सांगितलं, गाठ होती, ती निघाली. आता अशक्तपणा भरून यायला दर तीन आठवड्यांनी ताकदीचं सलाईन लावायचं आणि मधे ताकदीच्या गोळ्या. फाईलवर इंग्रजीत काय काय छापलेलं होतं, म्हणून मी तिला शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलं. नर्सला बाजूला घेऊन सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आमच्या गल्लीत सांगितलं. ज्याला न सांगण्यासाठी हा सगळा उद्योग चालला होता तो एकटा सोडून सगळ्यांना कॅन्सर माहीत होता. आणि ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मी सांगितलं ना, मग तसंच असणार. माझ्यावर विश्वास टाकायची लई वाईट सवय होती त्यांना.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं. शहर चारी अंगांनी वाढत होतं, रोज नवीन लेआउट पडत होते आणि पाईपलाईन तीच जुनी. आमच्याकडं नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, मग आठव्या दिवशी यायला लागलं. कुठं पाईप फुटला की नववा नाहीतर दहावा दिवस. पाणी यायचं तेही करंगळीएवढ्या धारेनं, त्यामुळं प्रत्येकानं मोटर लावलेली. त्या दिवशी घर सोडून कुणी हलायचं नाही असा गल्लीचा नियमच होता. पाण्याच्या दिवशी कुणी मेलं तरी आधी ड्रम भरतील असं मी चेष्टेनं म्हणायची. आता जीभ चावते.

दुसऱ्या सलाईननंतर हे मोटरपाशी गेले, नळाच्या पाण्यात हात धरला आणि झटक्यात मागं घेतला. "अगं, करंट येतोय!" लगेच टेस्टर लावून बघितला. टेस्टर पेटला नाही. वायर बदलली. वायरमनला बोलावलं, त्यानं मोटर उघडून बघितली आणि म्हणाला, "काका, मोटर एक नंबर आहे." ह्यांना पटेना. म्हणाले, "तीस वर्षं मशीनवर गेली माझी. मला करंट कळंना व्हय?" त्यांनी अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घातलं, लोखंडी पट्टी पुरली. तरी करंट येतच राहिला. शेवटी त्यांनी हुकूम सोडला, "तू मोटरला हात लावायचा नाही. पाणी मीच भरणार. तुला झटका बसला म्हणजे?"

आणि तिसऱ्या सलाईनच्या दिवशी नळाला पाणी आलं.

"सलाईन काय पळून चाललंय का?" हे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात घेऊ. माझ्या अंगात आहे ताकद." मी म्हटलं, मी भरते पाणी. "नाय म्हणजे नाय." मी हातापाया पडले. खरंच पडले, मोटरपाशी बसलेल्या माणसाचे पाय धरले. हसले ते. "एका सलाईनसाठी? येडी का काय तू?" त्यांचं तरी काय चुकलं? ताकदीचं सलाईन आठवडाभर लांबलं म्हणून जगात कुणाची बायको पाया पडते? पण आठवडा गेला आणि मग गोळ्यांनी तोंड आलं म्हणून तो डोस चुकलाच. पुढच्या डोसाच्या दिवशी परत पाणी. मी दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, जबरदस्ती करा, पण सांगू नका." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, भाऊजी, तुम्ही या ना पुण्याहून जबरदस्ती करायला. तर म्हणाले, ऑफिसात क्वार्टर एंड आहे, सुट्टी मिळत नाही.

ह्याच दिवसांत मी दुसऱ्या डॉक्टरांची मतं घ्यायला हिंडत होते. तेही चोरून. ह्यांना सांगायचं, सोयगावला आईकडं चालले, आणि पिशवीत ब्लाउजपीसच्या खाली फाईल घालून निघायचं. मी घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळं पिशवीचा कुणाला संशय यायचा नाही. शहरातल्या पहिल्या मोठ्या डॉक्टरनं दोन मिनिटं रिपोर्ट चाळला आणि म्हणाला, "चालू आहे ते बरोबर आहे, चालू ठेवा." दुसरा म्हणाला, "हे औषध मी दिलंच नसतं. पेशंट कुठंय?" म्हटलं, घरी आहे. "मग मी काय कागदाला औषध देऊ?" मला इतका राग आला! म्हटलं, डॉक्टर, आम्ही जुन्या ब्लाउजवरनं माप घेऊन नवा शिवतो, बाईला समोर उभी करत नाही. नर्सनं मला बाहेर काढलं. रिक्षात बसल्यावर मला माझीच लाज वाटली, पण डॉक्टरवरचा राग तसाच होता.

तिसऱ्या वेळी थेट पुणं गाठलं. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं मात्र फाईल पहिल्या पानापासून वाचली. मग विचारलं, "हाताला मुंग्या येतात का त्यांच्या? गार पाण्याला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं का?"

मला वाटलं ही मनकवडी आहे का काय. म्हटलं, मोटरला करंट आहे आमच्या.

"मोटरला नाही," ती म्हणाली. "ह्या औषधानंच होतं तसं. पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही पेशंटला, गार पाण्यात हात घालू नका म्हणून. त्यांना नाही सांगितलं कुणी?" मी मान खाली घातली. मग तिनं तारखांवर बोट ठेवलं. "दोन डोस का चुकलेत?"

परतीच्या एसटीत नगरपर्यंत मी रडत होते आणि पुढं औरंगाबादपर्यंत नुसती संतापत होते. माझ्यावर, दिरांवर, त्या शपथेवर. मला झटका बसू नये म्हणून हा माणूस स्वतःचा इलाज सोडून मोटरपाशी बसत होता, आणि मोटरला काही झालेलंच नव्हतं. मी नुसतं सांगितलं असतं तर माझी मी ड्रम भरला असता आणि हे हॉस्पिटलातल्या खुर्चीत बसून औषध घेत असते. एवढी साधी गोष्ट होती.

शेजारच्या भाभींना हे सांगितलं. त्या भिंतीपलीकडं पाईप धरून उभ्या होत्या, कारण नेमकं त्या दिवशी पाणी होतं. त्यांनी पाईप खाली ठेवला. "कबतक छुपाते? भाईसाब बच्चे हैं क्या? तुम नहीं बोले तो मैं बोलती." म्हटलं, शपथ आहे पोरीची. "अरे, ऊपरवाला इत्ता कच्चा नहीं है," त्या म्हणाल्या. "जाव अंदर."

हे मोटरपाशीच होते, पायात रबरी चपला, हातात माझे भांडी घासायचे हातमोजे. मी सगळं ठरवून गेले होते, कसं सावकाश सांगायचं ते. पण ते मला बघून ओरडले, "लांब राहा, करंट आहे!" आणि माझा तोल गेला. मी ओरडले, "करंट नाही! कॅन्सर आहे तुम्हाला! ताकदीचं बिकदीचं काही नाही, ते सलाईन कॅन्सरचं आहे, त्याच्यानं हात झिणझिणतात. आणि लिव्हरपर्यंत गेलाय. आता तरी उठा तिथनं!"

त्यांनी मोटर बंद केली. हातमोजे काढून दांडीवर वाळत घातले. "कधीपासून माहीत आहे?" म्हटलं, ऑपरेशनपासून. "अजून कुणाला?" मी एकेक नाव सांगत गेले. दीर, जाऊ, पोरगी, जावई, भाभी. किराणावाल्याचं नाव घेतलं तेव्हा ते म्हणाले, "बस." मग आत जाऊन पाटावर बसले. मला वाटलं आता खचणार, दीर म्हणाले तसं. पण ते खचले नाहीत, चिडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, मला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला येडा बनवलं. बाकीच्यांचं सोड, पण तू?" दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून प्यायले.

तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "चल. मोठ्या पाटीच्या हॉस्पिटलात." गेटाशी रिक्षा थांबली तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पाटी वाचली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "अजून थोडं आत घ्या, हिला चालवत नाही." मला चांगलं चालवत होतं.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. आधी ह्यांना तपासलं, मग फाईल बघितली. दुसऱ्या सलाईननंतरची सोनोग्राफी आणि नवीन सोनोग्राफी शेजारी मांडून दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. आधी लहान झालेले डाग परत वाढले होते. "औषध लागू पडत होतं हो," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोन डोस सोडलेत? ह्या स्टेजला?" त्यांचा आवाज चढला. "शिकलेसवरलेले दिसता. तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं का, हे काय आहे ते?"

मी खुर्चीत सावरून बसले. म्हटलं, आलं आता. जे बोलायचं ते बोलू दे ह्यांना, माझ्याबद्दल, भावाबद्दल. माझ्या अंगावर यायलाच पाहिजे होतं ते.

हे म्हणाले, "सांगितलं होतं साहेब. हिनं तर पाय धरले माझे. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ह्यांना जे झापायला सुरुवात केली! स्वतःच्या जिवाची किंमत नाही, बायकोची कीव नाही, तुमच्यासारखे पेशंट आले की आमच्या मेहनतीवर पाणी. हे मान खाली घालून ऐकत होते. तोंड आलेलं, त्यामुळं आवंढा गिळायला त्रास होत होता, तरी मधे मधे "चुकलं साहेब" म्हणत होते. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं, पेशंटनं स्वतः डोस टाळले. मी वाचलं ते. एवढ्या डॉक्टरांशी भांडलेली बाई मी, तिथं बसून होते आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, असं का सांगितलं? खरं का नाही बोललात?

ते चप्पल सारखी करत होते. "मला बोलले तर चालतंय," म्हणाले. "तुला बोलले असते."